अंड्यातलं बदकाचं पिल्लू अडलंय असं वाटतं तेव्हा

"भोक पडून बारा तास झाले, आत टिवटिव चालू आहे, चोचीचं टोक दिसतंय, पण पुढे काहीच होत नाहीये, फोडू का मी?" हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत सात-आठ जणांनी तरी विचारलाय, बहुतेक वेळा रात्री, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा चिमटा ऑलरेडी असतो. माझं उत्तर एकच असतं, आधी तो चिमटा खाली ठेव. हे मी कोणी एक्स्पर्ट आहे म्हणून सांगत नाही, मी स्वतः एक पिल्लू याच घाईत घालवलंय म्हणून सांगतोय.

झालं असं की आमची मामी घणसोली गावात राहते, टॉवरवाल्या बाजूला नाही, जुन्या गावठाणात, आणि तिच्याकडे कोंबड्यांसोबत चार पांढरी बदकं आहेत. एका जुलैत बदकी अंड्यांवर बसली आणि दोन-तीन दिवसांत कुत्र्याने तिला असं घाबरवलं की परत बसेचना. मामीची नेहमीची पद्धत म्हणजे खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची, पण तेव्हा एकही खुडूक नव्हती. (तसंही कोंबडीचा हिशोब 21 दिवसांचा, बदकाला लागतात 28, त्यामुळे काही कोंबड्या शेवटच्या आठवड्यात कंटाळून उठतात. आणि मस्कोव्ही जातीचं बदक असेल तर 35 दिवस, तिथे तर कोंबडीची कमालच.) तर ती नऊ अंडी रिक्षाने मांडीवर घेऊन आमच्या ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये आली. इनक्युबेटर म्हणजे काय, मासळीवाल्याकडून आणलेला थर्माकोलचा बॉक्स, त्यात बल्ब, कॉम्प्युटरचा जुना पंखा आणि एक स्वस्तातला थर्मोस्टॅट. बॉक्स तीनदा धुतला तरी पहिल्या दिवशी घरभर बांगड्याचा वास होता, बायको अजून काढते विषय.

आता मुद्द्यावर. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं म्हणजे नुसतं टरफल फोडतं असं आपल्याला वाटतं. टरफल फोडणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. खरं काम आतमध्ये चालू असतं आणि ते आपल्याला दिसत नाही, म्हणून तर सगळं टेन्शन.

माणसाच्या बाळाला जशी वार असते तसा अंड्यातही टरफलाला आतून चिकटलेला एक पडदा असतो, रक्तवाहिन्यांनी भरलेला. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून ऑक्सिजन आत येतो, या पडद्यातल्या रक्तात जातो आणि तिथून पिल्लाला मिळतो. म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत पिल्लाचं फुफ्फुस बंदच असतं, श्वासाचं सगळं काम तो पडदा करतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू इतकं मोठं होतं की छिद्रातून येणारी हवा पुरेनाशी होते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने मानेचे स्नायू आपोआप झटके मारायला लागतात आणि चोच वरच्या पापुद्र्यातून आरपार जाते. कुठे जाते, तर अंड्याच्या रुंद बाजूला जी हवेची पोकळी असते ना, उकडलेलं अंडं सोलताना जिथे खळगा दिसतो, तिथे. हा झाला आतला टोचा. इथे पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास घेतं आणि इथूनच अंड्यातून आवाज यायला लागतो.

मग काही तासांनी, बहुतेकदा 12 ते 24, कधी त्याहून थोडं जास्त, ते टरफलाला धक्का देतं आणि बाहेरून चांदणीसारखी बारीक चीर दिसते. हा बाहेरचा टोचा. चोचीवर एक टणक पांढरा दाणा असतो, त्याने फोडतं ते, आणि मानेच्या मागे खास यासाठी फुगलेला एक स्नायू असतो, तो जोर देतो. दाणा नंतर काही दिवसांत गळून पडतो.

आणि मग... काहीच होत नाही. इथेच लोकांचा धीर सुटतो. कोंबडीची पिल्लं पाहिलेली असतील तर जास्तच सुटतो, कारण ती त्या मानाने पटापट निघतात. बदक चीर पाडल्यावर 24 तास सहज घेतं, 36 घेतं, 48 सुद्धा घेतं आणि तरी सगळं ठीक असू शकतं. ते आत अडकलेलं नसतं, ते घर शिफ्ट करत असतं. रिडेव्हलपमेंटला गेलेल्या बिल्डिंगमधल्या कोणालाही विचारा, नव्या जागेतलं पाणी-लाइट चालू झाल्याशिवाय जुन्या जागेतलं कनेक्शन कोणी तोडत नाही. इथेही तेच, फुफ्फुस पूर्ण चालू होईपर्यंत तो पडदा चालू ठेवावा लागतो, मग त्या पडद्यातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात ओढून घ्यायचं, आणि त्याच वेळी उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात घ्यायचा, म्हणजे प्रवासाचा डबा आधीच पोटात. (या डब्यामुळेच नुकतं निघालेलं पिल्लू एक-दोन दिवस काही न खाता राहू शकतं. पहिल्याच तासात तोंडात दाणे कोंबायला जाऊ नका.)

तर या मधल्या वेळात तुम्ही टरफल सोलून पापुद्रा ओढलात तर काय होईल? त्या पापुद्र्याला चिकटलेल्या पडद्यात अजून रक्त आहे. तुम्ही चालू कनेक्शन तोडताय.

माझ्या दोन नंबरचं हेच झालं. अंड्यांवर मी पेन्सिलने नंबर टाकले होते. नवातली दोन सातव्या दिवशी अंधारात टॉर्च अंड्याला लावून बघितल्यावर पूर्ण मोकळी, म्हणजे आत पिल्लूच नसलेली, दिसली, एकात रक्ताची रिंग झाली होती म्हणजे ते आतच गेलं होतं, उरली सहा. दोन नंबरला सत्ताविसाव्या रात्री नऊला चीर पडली, सकाळी दहापर्यंत काही नाही, तेरा तास, मला वाटलं गेलं हे. टरफलाचे तुकडे काढले, पापुद्रा चिमट्याने ओढला आणि एक लाल दोरा तुटला. रक्त फार नव्हतं, टिश्यूवर कुंकवाच्या टिकलीएवढं. पण एवढ्याशा जिवात असं असतं किती. दुपारपर्यंत आवाज बंद. नंतर उघडून बघितलं तर पोटाबाहेर गोटीएवढा बलक तसाच होता, म्हणजे त्याला अजून निदान अर्धा दिवस हवा होता. मामीला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "अरे पोरा, दम धरायचा ना जरा." तिच्या कोंबड्यांखालच्या अंड्यात ती कधी हात घालत नाही.

पण नुसतं थांबा असं सांगून भागत नाही, कारण कधीकधी पिल्लू खरंच अडतं. आणि ते का अडतं हे बघितलं तर दहातल्या बऱ्याच वेळा कारण एकच निघतं, ओलावा. खरी मदत चिमट्याने होत नाही, ती आधीच्या चार आठवड्यांत ओलाव्याने होते. म्हणून याबद्दल जरा जास्त लिहितो.

अंड्यातलं पाणी 25 दिवसांत थोडं उडून जायलाच हवं, अंड्याच्या वजनाच्या साधारण 13-14 टक्के. 75 ग्रॅमचं अंडं असेल तर 10 ग्रॅम. ते उडालं की हवेची पोकळी मोठी होते, म्हणजे पहिल्या श्वासाला जागा मिळते. फार ओलं ठेवलं तर पोकळी छोटी राहते, पिल्लू फुगलेलं राहतं, फिरायला जागा नाही, कधी चोच पाण्यातच उघडते. फार कोरडं ठेवलं तर उलटं, आणि शेवटच्या तीन दिवसांत कोरडं पडलं तर सगळ्यात वाईट, पापुद्रा सुकून पिल्लाला प्लास्टिकच्या रॅपसारखा आवळून बसतो, मान हलवता येत नाही. बॉक्समधल्या हवेतल्या ओलाव्याचे साधारण आकडे असे धरा, पहिले 25 दिवस 55 ते 60 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70, चिरा पडायला लागल्या की 75 च्या आसपास. टेंपरेचर पंखा असलेल्या बॉक्समध्ये 37.5 डिग्री, आणि चुकायचंच असेल तर थोडं खाली चुका, वर नाही, 40 च्या पुढे गेलं की खेळ खल्लास.

आता आपल्या ठाणे-नवी मुंबईची गंमत. जुलैत भिंती ओल्या, कपडे चार दिवस वाळत नाहीत, पापड मऊ, मग मला वाटलं ओलाव्याची काय कमी आहे, बॉक्समध्ये पाणी ठेवायची गरजच नाही. चूक. हवा गरम केली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, त्यामुळे तेवढंच पाणी असून टक्केवारी खाली येते. बाहेर 28 डिग्री आणि 85 टक्के असेल तर तीच हवा 37.5 डिग्रीला नेली की राहतात साधारण 50 टक्के. म्हणजे भर पावसाळ्यातही पहिले 25 दिवस जेमतेम भागतं आणि शेवटी पाणी लागतंच. त्यात मी काय शहाणपणा केला, सव्विसाव्या दिवशी बॉक्स हॉलमधून बेडरूममध्ये आणला, रात्री आवाज ऐकू यावा म्हणून, आणि एसी चालू. एसीच्या खोलीत 25 डिग्री, 55 टक्के असं धरलं तर बॉक्सच्या आत होतात 27 टक्के! ते गणित मी नंतर केलं. ओलाव्याचा मीटर 38 दाखवत होता आणि मला वाटत होतं मीटर खराब आहे. वर दर तासाला झाकण उघडून व्हिडिओ काढणं चालूच.

मीटरवरून आठवलं, हे स्वस्तातले मीटर खरंच बिनभरवशाचे असतात पण तपासायची ट्रिक सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, मीटरसोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने 75 दाखवायला हवं. 68 दाखवलं तर तुमचा मीटर सात कमी दाखवतो, बस. टेंपरेचरसाठी तापाचा डिजिटल थर्मामीटर चालतो, तो 37-38 च्या आसपास चांगला अचूक असतो.

बाकीचं पटकन सांगतो. अंडी प्रवास करून आली असतील तर रुंद बाजू वर ठेवून अर्धा-एक दिवस शांत ठेवा, मग मशीनमध्ये. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढलं की विसरायला होत नाही. पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद, खाली रबरी जाळी किंवा खरबरीत नॅपकिन टाका कारण गुळगुळीत प्लास्टिकवर पिल्लांचे पाय फाकतात, पाणी भरा आणि झाकण लावा. याला सगळे लॉकडाऊन म्हणतात, 2020 च्या बऱ्याच आधीपासून. लाइट गेली तर घाबरून उघडू नका, बॉक्सवर गोधडी टाका, तास-दीड तासाने काही बिघडत नाही, बदकीसुद्धा रोज चरायला उठतेच की.

बंद करायच्या आधी टॉर्चमध्ये हवेच्या पोकळीची रेघ पेन्सिलने काढून ठेवा, ही पुढे फार कामाला येते. त्या रेघेच्या वर हवा, खाली पिल्लू आणि रक्त.

आता, हात कधी घालायचा? पहिली केस, आतला टोचा झालाय, टॉर्चमध्ये पोकळीत चोचीची सावली हलताना दिसतेय, आवाज येतोय, पण 24 तास उलटून गेले तरी बाहेर चीर नाही. पोकळीतली हवा मर्यादित असते, ती संपायच्या आत एक श्वासाचं भोक करायचं. स्पिरिटने पुसलेला बारीक स्क्रू किंवा जाड सुई घ्या, रेघेच्या बऱ्याच वर, अगदी टोकाला, दाब न देता नुसतं बोटांनी फिरवत फिरवत, दोन-तीन मिलिमीटर, बास. परत आत. बऱ्याचदा एवढंच पुरतं, पुढचं ते स्वतः करतं.

दुसरी केस, चीर पडून 24 तास झाले, पुढे काही नाही. इथे आधी फक्त बघायचं. पापुद्रा पांढरा, मऊ, ओलसर आहे आणि पिल्लू मधूनमधून हलतंय, तर झाकण लावा आणि ऑफिसला जा. तोंड चावल्यासारखं, जांभई दिल्यासारखं करतंय का? मग बलक अजून आत जातोय, थांबा. पण पापुद्रा पिवळट-तपकिरी, कडक, पापडासारखा वाटला किंवा आवाज क्षीण होत चाललाय, तर मदत लागेल. चीर निमुळत्या बाजूला पडली असेल तर पिल्लू उलटं आहे, तिथे हवेची पोकळी नसते आणि रक्तवाहिन्या जास्त असतात, त्यामुळे भोक बंद होणार नाही एवढंच बघत आणखी धीराने घ्यायचं.

माझ्या चार नंबरचा पापुद्रा असा पापड झाला होता, एसीची कृपा. चीर पडून तीस तास. दोन नंबरचं झाल्यामुळे हात थरथरत होते. अंडं बाहेर काढलं की खोलीतल्या हवेत ते आणखी सुकणार, म्हणून बाथरूममध्ये गीझरचं गरम पाणी बादलीत सोडलं, दार लावलं, आरसा पूर्ण धूसर झाल्यावर कमोडचं झाकण टाकून त्यावर बसलो. बाहेरून आई, "अरे किती वेळ!" मी म्हटलं बाळंतपण चालूय. पेन्सिलच्या रेघेच्या वरचंच टरफल काढलं, भाताच्या शितांएवढे तुकडे, एकेक. मग इअरबड कोमट पाण्यात बुडवून पापुद्रा ओला केला आणि नाकपुड्या सोडून बाकी ठिकाणी खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला. तेल लागलं की पापुद्रा पारदर्शक होतो, आतलं दिसतं. दिसलं काय, तर दोन बारीक लाल शिरा, भरलेल्या. म्हणजे अजून नाही. मनावर दगड ठेवून परत बॉक्समध्ये, पाण्याची वाटी वाढवली, एसी बंद, सगळे घामाघूम झोपलो.

सात तासांनी परत बघितलं तर शिरा नव्हत्या. जिथे लाल होतं तिथे नुसता पांढरा कागद. मग चोचीपासून सुरू करून पापुद्रा डोक्यावरून हळूच मागे सारला, कानटोपी काढतात तसा, आणि तिथेच थांबलो. हे महत्त्वाचं आहे, डोकं मोकळं झालं की तुमचं काम संपलं. खालचा भाग, बेंबी, अंड्यातच राहू द्यायची, पाय मारून बाहेर ते स्वतः येईल. ओढायचं नाही कधीच. मध्येच कुठे रक्ताचा ठिपका दिसला तर कोरड्या कापसाने हलकं दाबून धरा आणि तो दिवस तिथेच थांबा. चार नंबर पहाटे चारच्या सुमाराला निघालं, पाठीला टरफलाचा एक तुकडा चिकटलेला, तो दोन दिवस तसाच होता, मी काढला नाही.

उरलेल्या चारांना मी हात लावला नाही. निरोगी पिल्लू कसं निघतं ते एकदा बघण्यासारखं असतं. इतके तास गप्प असलेलं अंडं अचानक कामाला लागतं, पिल्लू आतल्या आत फिरत जातं आणि टरफल गोल कापत जातं, डबा फोडल्यासारखं, रुंद बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने. कापायला सुरुवात झाली की बहुतेक वेळा तास-दोन तासांत खेळ संपतो. आणि एकाचा आवाज यायला लागला की बाकीच्यांचीही आत चुळबुळ वाढते. गिल्बर्ट गॉटलीब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने बदकांवर यातच आयुष्य घातलं, त्याने दाखवलं की पिल्लू अंड्यात असतानाच स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकतं आणि ते ऐकणं पुढे आईची हाक ओळखायला उपयोगी पडतं. त्यामुळे एकच अंडं उबवायचा हट्ट शक्यतो करू नका. एकटं पिल्लू निघालं की ते तुम्हालाच आई समजून बाथरूमपर्यंत मागे येतं, दोन दिवस क्यूट वाटतं, मग तुम्ही ऑफिसला गेल्यावर ते दिवसभर ओरडतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतात.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. हे सगळं पाळीव बदकांचं चाललंय. खाडीकडेला किंवा तलावाच्या गवतात हळदी-कुंकू बदक, अडई यांची घरटी पावसाळ्यात सापडतात, आणि "आई दिसत नाही, अंडी घरी नेऊ का" असं विचारणारे पण आहेत. नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात जंगली पक्ष्याची अंडी उचलणं हे शिकारीतच धरलंय, आणि आई बहुतेक वेळा तुम्ही तिथे उभे आहात म्हणूनच येत नसते. खरंच काही गडबड वाटली तर वनविभागाच्या 1926 नंबरवर फोन करा.

पिल्लं निघाल्यावर अंग पूर्ण फुलून कोरडं होईपर्यंत मशीनमध्येच ठेवा, एक दिवस सुद्धा चालतं. बेंबी ओली, उघडी दिसली तर पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब. मग उबेचा खोका, पहिल्या आठवड्यात 32-33 डिग्री, पुढे दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी, पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा, बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय, कोपऱ्यात पांगून धापा टाकतायत तर गरम होतंय. पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांना पापे घेऊ देऊ नका, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू गोंडस पिल्लातही असतो.

खाणं म्हणजे ब्रॉयलर स्टार्टर चालतं पण बदकाला कोंबडीपेक्षा नायसिन हे व्हिटॅमिन जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकतात, म्हणून वर ते असलेली ब्रुअर्स यीस्टची पावडर भुरभुरायची. पाव नको. आणि पाणी, ज्यात चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल पण पिल्लू पोहू शकणार नाही असं भांडं. बदक आहे म्हणजे पहिल्या दिवसापासून पोहणार, हा गैरसमज आहे, पिसांना लागणारं तेल त्यांना सुरुवातीला आईच्या अंगावरून मिळतं, मशीनमधल्या पिल्लाकडे ते नसतं, ते भिजतं, गारठतं आणि जातं. आमच्याकडे ठाण्याहून आलेल्या पाहुण्यांनी मुलांना गंमत दाखवायला पाचही जणांना टबात सोडायचा बेत केला होता, मी टबच बाल्कनीत उचलून ठेवला. त्याऐवजी मिठाईच्या डब्याच्या झाकणात अर्धा इंच पाणी ठेवलं, पाण्यात चार गोट्या टाकल्या, आणि चार नंबर त्या गोट्यांवरच जाऊन बसलं.